घरकुल मंजूर आहे, घर उभं राहत नाही: अर्धा एकर जागा मिळतेय, काय करावं?

वाघाडीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात आमची एक लहान नोंदणीकृत संस्था आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण देणगी नको आहे, सल्ला हवा आहे. आमचं काम पांढरकवडा, झरी, घाटंजी या पट्ट्यात चालतं. कोलाम आदिवासींची पोडं म्हणजे वस्त्या, पारध्यांचा एक बेडा म्हणजे तांडा आणि गावोगावच्या एकट्या बाया. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणाची लेकरं पुण्याकडे कंपनीत लागली ती परत फिरकली नाहीत. या लोकांची मंजूर झालेली घरकुलं तडीस नेणं हे आमचं काम.

आता एक शेतकरी कुटुंब तालुक्याच्या गावाला लागून असलेली अर्धा एकर जमीन संस्थेला द्यायला तयार आहे. घरातले वडील गेले, त्यांच्या नावाने काही व्हावं अशी मुलांची इच्छा. सोबत थोडा निधीही मिळेल. विश्वस्तांमध्ये दोन मतं पडली आहेत. काहींना वाटतं तिथे पंधरा-वीस खोल्यांची वसाहत बांधून निराधारांना नाममात्र भाड्याने द्यावी. काहींचं म्हणणं, हाच पैसा अडकलेली घरकुलं सोडवायला लावावा.

मला काय वाटतं ते आधीच सांगते. गरिबाचं घर पैशावाचून अडतं हे अर्धंच खरं आहे. मंजुरीपासून दाराला कडी लागेपर्यंतच्या वाटेवर त्याच्यासोबत कोणी नसतं, म्हणून ते अडतं. सोबत चालणाऱ्या त्या माणसाचा पगार कोणत्याच योजनेत नसतो.

आधी पैशाचं बघू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली, त्याआधी इंदिरा आवास होती. सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. भागाकार करून बघा, फुटाला साडेचारशे रुपयेही पडत नाहीत. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी धरा (२०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८ हजार ८० रुपये), शौचालयाचे १२ हजार धरा, राज्याने २०२५ मध्ये वाढवलेल्या ५० हजारांतले बांधकामाचे ३५ हजार धरा (उरलेले १५ हजार सौर पॅनलचे). सगळं मिळूनही फुटाला सव्वासातशेच्या आसपास. त्या भावात स्लॅबच्या घराला कोणी हात लावत नाही.

त्याहून मोठी अडचण पैसा कधी येतो याची. पहिला हप्ता पंधरा हजारांचा. पुढचा हप्ता जोत्याचा फोटो ॲपवर चढल्यावर. पण पंधरा हजारांत जोतं होत नाही. ज्याच्याकडे कापूस विकून चार पैसे आहेत तो पदरचे घालून पुढे जातो. ज्याच्याकडे नाहीत तो गटाचं साप्ताहिक कर्ज उचलतो, नाहीतर सावकाराकडे जातो. आणि जागा एकच असल्याने त्याने आधी जुनं कुडाचं घर पाडलेलं असतं! पैसा थांबला की पावसाळा ताडपत्रीखाली. पऱ्हाट्यांच्या कुडावर पिवळी ताडपत्री, आत एक खाट, खाटेच्या चारही पायांखाली विटा, खाटेवर धान्याची कोठी आणि लेकरं. खाली पाणी वाहतं, म्हणून म्हातारी रात्र बसून काढते. मी हे दर पावसाळ्यात बघते.

एका बाईचं सांगते. नाव-गाव नको. नवरा कर्जापायी गेला. खताच्या रिकाम्या पिशवीत तिचे सगळे कागद. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. उमर वीस वर्षांची असल्यापासून कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या, अंगठा मशीन घेत नाही. बँक म्हणे आधार दुरुस्त करून आणा, केंद्र म्हणे जन्माचा पुरावा आणा. शाळेत ती गेलीच नाही, पुरावा कुठून आणणार? घराची जागा सासऱ्याच्या नावावर, दीर संमती द्यायला तयार नाही. मंजुरी यादीत तिचं नाव पहिल्या दहात होतं. घर उभं राहायच्या आधी तिला वकील, बँकेत बोलणारा, तलाठ्याकडे जाणारा आणि दिराला समजावणारा असा प्रत्येकाचा एकेक तुकडा हवा होता. आमच्या कार्यकर्तीने ते सगळं केलं. आज ती त्या घरात राहते, संजय गांधी निराधारचे महिन्याला १५०० रुपये तिच्या खात्यात येतात आणि लेक नवव्या वर्गात आहे.

तर सांगा, या अर्ध्या एकरावर काय व्हावं?

वरूडचा मिस्त्री

ताई, हिशोब बराबर मांडला तुमी. मी मिस्त्रीकाम करतो, बाप बी हेच करे. मले दोन गोष्टी सांगाच्या हायेत.

पयली पायाची. आपल्याइकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते, हाताचा पंजा आत जाईन एवढ्या भेगा पडते. पावसाळ्यात तीच माती फुगते. लोकं घाईत हातभर खोदून जोतं उचलते. दोन पावसाळे गेले का खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निंगते आन् ते कोनाच्यानं बुजत नाई. मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम लई खोल असन त खालची काळी माती काढून मुरूम-रेती थराथरानं भरा, पानी मारा, धुम्मस करा. जोत्यावर लोखंडाचा पट्टा फिरवा. भिंतीच्या कडेनं पानी मुरू देऊ नका, हातभर उताराचा फरशीचा पट्टा करा. रंग, टाईल मंग पाहू. पायाले जो पैसा लागते तो कोनाले दिसत नाई, म्हनून लोकं तिथंच कापते.

दुसरी गोष्ट मालाची. एकटा मानूस पाच-दहा पोती सिमेट घेते, त्याले दुकानदार भाव देत नाई. पंधरा घरांचा माल एका टायमाले घ्या, लोखंड तालुक्याच्या ठोक दुकानातून घ्या, वाचलेल्या पैशात दरवाजा निंगते. बचत गटाच्या बायांनी घरकुल मार्ट काढले व्हते काही गावात, ते ह्याच कामाचे हायेत.

खोल्या बांधा का नको, ते मले समजत नाई.

मातीभिंत

वर्ध्याहून लिहितोय. मिस्त्रीभाऊंचा पायाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सगळी चर्चा स्लॅब धरून का चालली आहे?

ग्रामीण आवासच्या नियमांत पक्कं घर म्हणजे नीट देखभाल केली तर किमान ३० वर्षं टिकणारं घर. छत आणि भिंती मजबूत हव्यात, पण स्लॅबच हवा असं कुठे म्हटलेलं नाही. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. तिथली माती, बांबू आणि कवेलूंची (कौलांची) घरं अजून उभी आहेत, मे महिन्यात बापू कुटीत जाऊन बसा. त्याच वर्ध्यात दत्तपूरला डॉ. देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस उभं केलं. कुंभाराने चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या मातीच्या नळ्या एकात एक बसवून कमान करायची आणि त्यावर छत, हे तंत्र तिथे वाढलं. त्यात लोखंड लागत नाही, लाकूड लागत नाही, आणि पैसा गावच्या कुंभाराकडे जातो. मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र बांबूवर कितीतरी वर्षं काम करतंय.

आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. चार इंची स्लॅबखाली, पंख्याविना, दुपारी तीन वाजता तान्हं मूल घेऊन बसणाऱ्या बाईला विचारा. निदान स्लॅबवर पांढरा चुना तरी फिरवा, खोलीत लगेच फरक कळतो.

वाघाडीकाठची

मातीभिंत, तुमचं काम मी जवळून बघितलंय आणि मला ते मनापासून आवडतं. पण पोडावरच्या बाया काय म्हणतात तेही ऐका. कवेलूच्या घरावर वानरांची टोळी उतरते. एका सकाळी अर्धं छप्पर फुटतं. कवेलू फेरायला दर वर्षी माणूस लागतो, एकटी बाई वर चढणार कशी? कुडाला दर सणाला सारवण हवं, आणि आता शेण तरी कुठे उरलंय, गाई विकल्या गेल्या. स्लॅब मागते ती हौस म्हणून नाही. तिला वर चढून कवेलू फेरावे लागणार नाहीत आणि वर दोन बोरे मिरच्या वाळत घालता येतील म्हणून मागते.

तुमच्याकडच्या कमानीच्या छताला वानरांचा त्रास नाही हे खरं. पण ते बांधणारा मिस्त्री आमच्या तालुक्यात एकही नाही. तुम्ही दोन पोरांना तयार करून द्याल का? ग्रामीण गवंड्यांचं ४५ दिवसांचं सरकारी प्रशिक्षण आहेच, त्यात हे बसवता आलं तर मी पोरं शोधते.

मातीभिंत

नक्की. व्यनि (खासगी निरोप) करतो. पोरं राहून शिकणार असतील तर उत्तम. बघून येत नाही हे काम, हात माखावे लागतात.

स्पष्टच सांगतो

सगळे छान छान बोलताहेत म्हणून लिहितो. माझं गाव बुलढाणा जिल्ह्यात. आमच्याकडे जुन्या घरकुलांपैकी कितीतरी घरांत कुटार म्हणजे जनावरांचा भुसा भरलेला आहे. काहींनी भाड्याने दिली, काहींनी स्टँप पेपरवर विकली. लोक परत जुन्या झोपडीत. तुम्ही माणूस सोबत द्या, नाहीतर आणखी काही द्या, फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. संस्था आली की लोक हातावर हात ठेवून बसतात. नाममात्र भाड्याच्या खोल्या तर करूच नका. भाडं थकेल, तुम्ही काढू शकणार नाही, आणि पाच वर्षांत तिथे दारूचा अड्डा होईल. हे मी वाईट मनाने लिहीत नाही.

वाघाडीकाठची

दादा, वाईट मनाने लिहिलं नाही हे कळलं. कुटार भरलेली घरकुलं मीही बघितली आहेत, आणि त्यातल्या काहींच्या मालकांशी बसून बोलले आहे. एका ठिकाणी वसाहत गावापासून दीड किलोमीटरवर माळावर, कारण सरकारी जागा तिथेच होती. ना हातपंप, ना खांबावर दिवा. संध्याकाळी पाणी आणायला बाईमाणसाने कुठून जायचं? लोक झोपडीत परतले कारण झोपडी गावात होती. घर बांधणाऱ्याने पाणी, दिवा, वाट धरली नाही, तर राहणाऱ्याने कदर केली नाही असं कसं म्हणायचं?

आणि फुकट काय आहे? कुटुंबाने स्वतः पाया खोदला, विटा वाहिल्या, रात्री उठून पाणी मारलं, वर कर्ज काढलं. आमच्या अनुभवात ज्या घराचं काम बाईच्या हाताखालून गेलं, ते घर विकलं जात नाही. ग्रामीण आवासमध्ये घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करण्यावर भर आहे. ते नाव नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, खरंच चढलं का, हे बघायलाच आमचा माणूस लागतो.

भाड्याचा मुद्दा मात्र मला लागला. त्यावर अजून कोणी लिहावं.

निवृत्त ग्रामसेवक

मी चंद्रपूर आणि यवतमाळ दोन्ही जिल्ह्यांत नोकरी केली. कार्यालयांवर रोष दिसतो, तो काही अंशी रास्त आहे. पण एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं, त्यात घरकुलाचे फोटो, रोजगार हमीची हजेरी, कर वसुली, जन्म-मृत्यू, निवडणूक. ताई म्हणतात तो सोबतचा माणूस खरोखर हवा. आम्हालाही हवा असतो.

काही गोष्टी कामाच्या आहेत त्या सांगतो. एकच योजना धरून बसू नका. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे, आदिवासींसाठी शबरी, पारध्यांसाठी स्वतंत्र पारधी घरकुल, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी २०२३ पासून मोदी आवास. कोलाम ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित जमात. कोलाम, कातकरी आणि माडिया या तिघांना पीएम-जनमनमध्ये घर मिळतं. ती योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिथे घराला २ लाख रुपये आहेत. ताई, तुमच्या पोडावर कोणी १ लाख २० हजारांच्या यादीत अडकून पडलं असेल तर आधी हे तपासा. दोन्हीकडे लाभ मिळणार नाही, पण कुठे अर्ज जातो त्याने ८० हजारांचा फरक पडतो.

जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत जागा खरेदीला मदत आहे, आधी ५० हजार होती, आता १ लाखापर्यंत. गावठाणातलं किंवा सरकारी जागेवरचं १ जानेवारी २०११ पूर्वीचं निवासी अतिक्रमण नियमित करण्याचा २०१८ चा शासन निर्णय आहे, पण गायरान आणि वनजमिनीला ते सरसकट लागू नाही. त्या तारखेआधीची कर पावती, वीजबिल, मतदार यादीतलं नाव, जे मिळेल ते जपून ठेवायला सांगा.

आता तुमच्या अर्ध्या एकराबद्दल. ती शेतजमीन आहे. विदर्भात १९५८ चा कूळकायदा चालतो, त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, तशी बक्षीसही देता येत नाही. संस्था शेतकरी नाही. म्हणून थेट बक्षीसपत्र करायला दुय्यम निबंधकाकडे जाऊ नका, आधी परवानगीचं बघा. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे अकृषिक करणं बरंच सोपं जातं. आधी मोजणी करून अंतर बघा. आणि एकदा जमीन न्यासाच्या नावावर आली की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, हे त्या कुटुंबाला आणि तुमच्या विश्वस्तांना, दोघांनाही लिहून समजावा.

कुरखेड्याहून

ग्रामसेवक सरांनी वनजमिनीचा उल्लेख केला म्हणून. आमच्या नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल हा वेगळाच फास आहे. जमिनीवर झाड नाही, घरं आहेत, शाळा आहे, पण नोंद झुडपी जंगल. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच आहेत असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीने वाट ठेवली आहे, नंतरच्यांची छाननी कडक. म्हणजे गावोगाव कोणाचं घर कधीचं हे पुराव्यानिशी लिहून काढणं हेच आता घर वाचवण्याचं काम झालंय. आम्ही टोलीटोलीत तेच करतोय. घर बांधून देणाऱ्या संस्था पुष्कळ भेटतात, नोंदी करायला बसणारी एकही सापडत नाही.

दुसरं. स्पष्टच सांगतो यांनी घर विकलं जातं म्हटलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली जमीन ग्रामसभेच्या नावे केली. जमीन कसायला ज्याची त्याच्याकडे, पण बाहेरच्याला विकायची नाही. घरांसाठीही असाच विचार करून बघावा. जमीन न्यासाची, घर राहणाऱ्याचं, वारसाला हक्क, विक्री मात्र नाही. सावकाराच्या कागदावर मग ते घर चढूच शकत नाही.

अकोला ते लेस्टर

माझं बालपण अकोल्याचं, आता इंग्लंडात हाउसिंग असोसिएशनमध्ये नोकरी करते. तिथलं इकडे जसंच्या तसं चालणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी भाड्याच्या प्रश्नावर एक गोष्ट सांगावीशी वाटते.

लंडनमध्ये पीबॉडी ट्रस्ट १८६२ मध्ये निघाला, कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या इमारती बांधायला. इमारती चांगल्या होत्या. १८६५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल नावाच्या बाईंनी मोडकी घरं घेऊन वेगळी पद्धत सुरू केली. दर आठवड्याला बाया भाडं गोळा करायला दारोदार जायच्या. भाडं वेळेवर द्यायचं यावर त्या ठाम होत्या. पण त्या भेटीत गळकी मोरी दिसायची, मुलगा शाळेत जात नाही हे कळायचं, नवऱ्याचं काम सुटलंय हे समजायचं, आणि पुढच्या आठवड्याआधी त्यावर काहीतरी केलं जायचं. आज आमच्याकडे भाडेकरूला आधार देणारा वेगळा कर्मचारी असतो. भाडं थकायला लागलं की नोटीस जायच्या आधी तो दारात पोचतो. भाडं थकणं ही घरात काहीतरी बिघडल्याची पहिली खूण असते.

म्हणून दादांनी म्हटलेला धोका खरा आहे, तो खोल्या बांधून मोकळं होणाऱ्यांना. खोल्या केल्यात तर भाडं थोडं ठेवा पण दर महिन्याला हातात घ्या, दारात जाऊन.

शीतल पुसद

मला वसाहतीच्या बाजूने लिहायचंय. माझी मावशी एकटी. तिला घरकुल नको, तिला घर सांभाळवतच नाही. तिला हवी एक खोली, शेजारी दोन बाया, आणि रात्री छातीत दुखलं तर हाक ऐकणारं कोणी. आम्ही पोरं बाहेरगावी. वृद्धाश्रम म्हटलं की ती रडते, म्हणते मी बेवारस आहे का. भाड्याची खोली म्हटलं की लगेच तयार होते, कारण भाडं ती देणार, किल्ली तिच्याकडे राहणार.

आपल्याच शेंडगावच्या गाडगेबाबांनी बेघरांना आसरा हे आपल्या दहा कलमांत घातलं. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत टाटाला गेलेले कॅन्सरचे किती पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहून येतात, आमच्या घरातलेही राहिलेत. आसरा म्हणजे कायमचं मालकीचं घरच असं नाही ना ताई?

वरूडचा मिस्त्री

शीतलताईचं खरं हाय. आन् एक इच्यार. घर पाडून बसलेले लोकं पावसाळ्यात कुठं जातीन? चार खोल्या त्याईच्यासाठी ठेवा. घर झालं का खोली खाली. मी तुमच्या साईटवर येऊन पाया पाहून देईन, मजुरी नाई घेनार.

स्पष्टच सांगतो

मिस्त्रीभाऊंचा मुद्दा मला पटला. पाडापाडीत अडकलेल्यांसाठी खोल्या असतील तर मुदत लिहून घ्या, आणि जोत्याच्या कामाचा फोटो दाखवल्याशिवाय मुदत वाढवू नका. लेस्टरच्या ताईंनी म्हटलं तसं भाडं दारात जाऊन घेणार असाल, तर माझा विरोध उरला नाही. फक्त ती जाणारी व्यक्ती पगारी असावी. फुकट राबणारी कार्यकर्ती वर्षभरात थकून जाते, माझ्या बहिणीचं तसंच झालं.

वाघाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल विश्वस्तांची बैठक झाली, हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ठरलं ते असं.

पंधरा-वीस खोल्या नाहीत, आठच. चार शीतलच्या मावशीसारख्या एकट्या बायांना कायमच्या, भाडं घेऊन, किल्ली त्यांच्याकडे. चार मिस्त्रीभाऊंनी सुचवल्याप्रमाणे घर पाडलेल्या कुटुंबांसाठी, जास्तीत जास्त एका पावसाळ्यापुरत्या. मधे एक मोठी ओसरी, तिथे आठवड्यातून एक दिवस कागदपत्रांचं काम बसेल. भिंती विटांच्या, पण ओसरीवरचं छत मातीभिंत यांनी शिकवलेल्या पोरांकडून कमानीचं. लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं तरच मागतील.

उरलेला निधी घरकुलांसाठी फिरता ठेवायचा. रोख कोणाला द्यायची नाही. जोत्याचं सिमेंट, लोखंड, विटा आम्ही एकत्र घेऊन साईटवर टाकणार, हप्ता खात्यात आला की त्या मालाचे पैसे परत, आणि तोच पैसा पुढच्या घराला. ज्या विधवांचे वारसाचे फेरफार अडले आहेत त्यांचा माल थोडा उशिरा परत आला तरी चालेल असं ठरवलंय, यावर बैठकीत बराच वाद झाला, पण मी मागे हटले नाही.

आणि दोन पगारी सोबतिणी. दोघी त्याच पट्ट्यातल्या, एक कोलामी बोलणारी. त्यांचा पगार आधी बाजूला काढायचा, मग विटा मोजायच्या. त्या कुटुंबाला हे सांगितलं तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, बाबांच्या नावाची पाटी खोल्यांवर नको, या दोघींच्या पगारालाच बाबांचं नाव द्या.

ग्रामसेवक सर, मोजणी झाली. गावठाणाच्या हद्दीपासून अंतर २०० मीटरच्या काठावर येतंय, एक कोपरा आत आणि बाकी बाहेर. मग?

निवृत्त ग्रामसेवक

मग आधी मोजणीच्या नकाशाची क प्रत घ्या आणि आत येणारं क्षेत्र किती ते मोजणीदाराकडून लेखी घ्या. आत बसणाऱ्या तुकड्यातच खोल्या मावतात का ते बघा, आठच आहेत तर मावायला हव्यात. बाहेरच्या भागात बांधकाम दाखवू नका, तिथे परसबाग, विहीर ठेवा. कलम ८९ ची परवानगी मात्र संपूर्ण क्षेत्राची मागा, अर्धी-अर्धी मागू नका, नंतर पोटहिस्स्याची कटकट होते. अर्जाला न्यासाची नोंदणी, घटना, विश्वस्तांचा ठराव, सातबारा, आठ-अ आणि देणाऱ्या सगळ्या वारसांची संमती जोडा. सगळ्या, म्हणजे लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही. पुढच्या आठवड्यात मी यवतमाळला आहे, कागद घेऊन या, सोबत बसून अर्ज लिहू.

वाघाडीकाठची

येते सर. तिन्ही बहिणींच्या सह्या घेऊनच येते, एक आर्णीला असते, तिच्याकडे उद्याच जाते.